तीन शिखरं आणि एक नाव

म्हसवडला वर्गात समघटकतेचा धडा मी घोंगडीपासून सुरू करतो. मेंढीची तीच लोकर. सूत कातून मागावर विणली की घोंगडी, भिजवून तुडवून दाबली की जेन. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन यांचंही तसंच आहे. एका जोडणीत त्यांचं इथेनॉल होतं, दुसरीत डायमिथाइल इथर. पहिलं ७८ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव, दुसरं साध्या तापमानाला वायू.

हे कोडं जुनं. १८२० च्या दशकात व्होलर आणि लीबिग या रसायनशास्त्रज्ञांकडे चांदीची दोन संयुगं होती. घटक आणि प्रमाण तेच, पण एक शांत तर दुसरं स्फोटक. विश्लेषण कुणाचं चुकलं यावर वाद झाला. चुकलं कुणाचंच नव्हतं. १८५८ साली केकुले आणि कूपर यांनी कार्बनच्या साखळ्यांचा विचार मांडला, तेव्हा कुठे फरकाचं कारण उमगलं.

तरी पुढं कित्येक दशकं ओळख पटवायची ती मुख्यतः पदार्थ खर्ची घालूनच. आमच्या प्रयोगशाळेत आजही तेच करतो. रॉकेलात बुडवलेला सोडियम चिमट्यानं काढायचा, टिपकागदानं पुसायचा, सुरीनं कापायचा. कापलेली बाजू लख्ख चमकते आणि बघता बघता काळवंडते. बारीक तुकडा निर्जल इथेनॉलमध्ये टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन सोडियम बाहेर काढतो. इथरमध्ये तसा हायड्रोजनच नाही.

१९५१ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी इथेनॉलचा एनएमआर आलेख, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात त्यातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांनी दिलेल्या प्रतिसादाचा आलेख, प्रसिद्ध केला. त्यात तीन शिखरं होती, क्षेत्रफळांचं प्रमाण १:२:३. ऑक्सिजनवरचा एक हायड्रोजन, मधल्या कार्बनवरचे दोन, टोकाच्या कार्बनवरचे तीन. डायमिथाइल इथरचे सहाही हायड्रोजन सारख्याच जागी, म्हणून त्याचं शिखर एकच. पदार्थ जसाच्या तसा राहिला आणि जोडणी वाचता आली.

यातले एस. एस. धर्मट्टी भारतीय. पुढं होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येऊन त्यांनी मुंबईत एनएमआरचं संशोधन उभं केलं. फळ्यावर शिखरं काढली की खाली मी त्यांचं नाव लिहितो. हे तंत्र परक्यांचं, आपण फक्त पाठ करायचं, असा समज माणदेशातल्या मुलामुलींचा होऊ नये. त्या तिघांत एक आपला होता आणि ते काम त्यानं इथे आणलं, हे परीक्षेत कुणी विचारो न विचारो, मी शिकवणार.