डीजे (मिरवणुकीतील)

ट्रकवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ध्वनिवर्धकांची भिंत रचून, जनरेटरच्या जोरावर वाजवले जाणारे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत. वाजवणारा, त्याची यंत्रणा आणि ते संगीत या तिन्हींना महाराष्ट्रात डीजेच म्हणतात. नागपुरात गणेशविसर्जन, मारबत, लग्नाच्या वराती आणि १४ एप्रिलची आंबेडकर जयंती हे त्याचे ठळक प्रसंग.

या संगीताची घडण १९८० च्या दशकात शिकागोच्या ‘हाउस’ व डेट्रॉइटच्या ‘टेक्नो’मध्ये झाली. कृष्णवर्णीय तरुणांनी ड्रममशिन, सिंथेसायझर आणि जुन्या तबकड्यांतले तुकडे यांतून ते उभे केले. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये अशाच यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. त्यांच्या या तबकडीकडे जगाचे लक्ष गेले ते २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर. नागपूरच्या डीजेचे नाते मात्र तिच्याशी किंवा गोव्याच्या ट्रान्सशी फारसे नाही. ते बँडबाजा, बेंजो पथके आणि रीमिक्सच्या कॅसेटी यांच्याशी अधिक आहे.

उत्तराधुनिक संस्कृतीची म्हणून सांगितली जाणारी लक्षणे येथे सहज सापडतात. लावणी, कोळीगीत, चित्रपटातला संवाद आणि हलगीचा ठोका एकाच ठेक्यावर येतात. मूळ चाल कोणाची, याची चौकशी कोणी करत नाही. समीक्षक फ्रेडरिक जेमसन यांनी अशा उसनवार सरमिसळीला भांडवलशाहीच्या उत्तरकाळाशी जोडले. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी मारबतीची मिरवणूक पाहता हे पूर्ण पटत नाही. काळ्या-पिवळ्या मारबतींच्या पुतळ्यांसोबत चालू राजकारणावरचे बडगे, म्हणजे उपहासाचे पुतळे, मिरवण्याची तिथली रीत डीजे येण्याच्या कितीतरी आधीची.

तत्त्वज्ञ ज्यां-फ्रान्स्वा ल्योतार यांनी १९७९ मध्ये मांडलेले, मुक्तीसारख्या महाकथनांवरचा विश्वास उडाल्याचे सूत्र तर आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत टिकतच नाही. आंबेडकरांच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचा वारसा सांगणाऱ्या या शहरात भीमगीते डीजेवर वाजतात. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे यांच्या परंपरेतल्या या गाण्यांची लय वाढते, बेस छातीत घुमतो. शब्दांतला मुक्तीचा इतिहास तसाच राहतो, आणि नाचणाऱ्यांना तो पाठ असतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सणांसाठी राज्य शासन वर्षातून कमाल १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. डीजेची भिंत डेसिबलची मर्यादा सहज ओलांडते. हृदयविकाराचे रुग्ण व तान्ही मुले यांना होणारा त्रास खराच आहे. ढोल-ताशा पथकांचा आवाजही कमी नसतो, पण ‘पारंपरिक’ म्हणून त्यांच्यावरचा रोष सौम्य राहतो.