डोंगरी गाण्यांची मासिके

चित्रपटगृहाच्या दाराशी आण्या-दोन आण्यांना मिळणारी गाण्यांची चोपडी ज्यांच्या घरी अजून एखाद्या ट्रंकेत पडली असेल, त्यांना अमेरिकेतल्या ‘कंट्री’ संगीताच्या मासिकांची जन्मकथा परकी वाटू नये. गाणे कानावर पडते, चाल मनात बसते. पण दुसऱ्या कडव्याचे शब्द काही केल्या आठवत नाहीत! या एवढ्याशा अडचणीवर तिकडे एक मोठा छापखाना उभा राहिला.

हे संगीत मूळचे अमेरिकेच्या दक्षिणेकडील खेड्यापाड्यांतले. फिडल, बँजो आणि गिटार यांच्या साथीने गायचे. १९२७ साली ब्रिस्टल या गावी राल्फ पीअर याने कार्टर कुटुंबाची आणि जिमी रॉजर्सची पहिली ध्वनिमुद्रणे केली, आणि पुढे रेडिओने ही गाणी घरोघर नेली. शहरी माणूस मात्र त्यांना ‘हिलबिली’, म्हणजे डोंगरी गावंढळ, म्हणून नाक मुरडी. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने आपल्या यादीला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे सभ्य नाव दिले ते १९४९ मध्ये.

त्याच वर्षी ‘कंट्री साँग राउंडअप’ निघाले. ते काढणाऱ्या कंपनीचा संस्थापक जॉन सँटँजेलो हा इटलीहून आलेला गवंडी. कनेक्टिकट राज्यातल्या डर्बी गावी स्थायिक झालेला. आरंभी त्याने लोकप्रिय गाण्यांचे शब्द मालकांना न विचारताच छापून विकले, आणि त्यापायी १९३४ साली त्याला तुरुंगाची हवा खावी लागली. तेथे त्याला भेटला एक वकील! बाहेर आल्यावर दोघांनी रीतसर हक्क घेऊन छापण्याचा धंदा मांडला. दोघांच्याही मुलाचे नाव चार्ल्स, म्हणून कंपनी ‘चार्लटन’. कागद स्वस्त, छपाई बेताची आणि गायकांवरील लेख म्हणजे निव्वळ आरती. पण गाण्याचे पुरते शब्द हाती येत, आणि पैसे मोजी तो वाचकच. मासिक अर्धशतक चालले, यात नवल ते कसले?

१९६३ मध्ये फॅरन यंग या गायकाने नॅशव्हिलहून ‘म्युझिक सिटी न्यूज’ सुरू केले. गायकच मासिकाचा मालक म्हटल्यावर गायकांच्या उखाळ्यापाखाळ्या त्यात कोण काढणार?

या साऱ्यांत एक गोष्ट कोणी केली नव्हती. १९२०–३०च्या दशकांत गाऊन गेलेली ही माणसे कोण होती, कोणाकडून शिकली, पुढे त्यांचे काय झाले, हे विचारण्याची. ती केली दूर ऑस्ट्रेलियातल्या जॉन एडवर्ड्स या तरुणाने. त्याने अमेरिकेत कधी पाऊल टाकले नव्हते. जुन्या तबकड्या जमवाव्यात, विस्मृतीत गेलेल्या गायकांना पत्रे लिहावीत, आलेली माहिती टिपून ठेवावी, हाच त्याचा छंद. २४ डिसेंबर १९६०, नाताळची पूर्वसंध्या. मोटार अपघातात तो गेला, तेव्हा अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. एवढ्या वयात कोण मृत्युपत्र करतो? याने केले होते. आपला संग्रह अमेरिकेत अभ्यासकांच्या उपयोगी पडावा, अशी त्याची इच्छा होती. यूजीन अर्ल या मित्राने ती पाळली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्याच्या नावाने संस्था झाली आणि १९६५ पासून तिचे एक साधे वार्तापत्र निघू लागले. त्याचेच पुढे त्रैमासिक झाले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या लोकसाहित्याच्या विद्वत्पत्रिकेनेही ‘हिलबिली’ विशेषांक काढला. ज्या गाण्याला पंडित आजवर दारात उभे करीत नसत, त्याला पाट-रांगोळी मिळाली ती अशी. माझ्या मते या साऱ्या कागदांच्या ढिगात सर्वांत मोलाचे तेच वार्तापत्र; त्याला ना रंगीत मुखपृष्ठ, ना खप.

सामान्य वाचकापर्यंत ही चिकित्सा पोचवली ती १९७२ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या ‘कंट्री म्युझिक’ने. पॅट्रिक कार, निक टॉशेस यांच्यासारखे लेखक त्यात गायकाचे गुण सांगत आणि वेंगडही दाखवीत. हा सुकाळ टिकला नाही. पुढे संगीताचा धंदा फुगला, तसतसा मासिकांचा जीव जाहिरातदारांच्या मुठीत गेला. १९९४ मध्ये ‘कंट्री वीकली’ अवतरले, ते किराणा दुकानात पैसे देण्याच्या रांगेत हाती लागावे म्हणून. कोणाचे लग्न, कोणाचे बाळ, कोणाचा नवा बंगला. गाणे मागच्या पानावर. तेही २०१६ मध्ये बंद पडले.

याउलट १९९५ मध्ये सिएटलला दोन पत्रकारांनी ‘नो डिप्रेशन’ काढले. कार्टर कुटुंबाने गाजवलेल्या एका गाण्यावरून हे नाव घेतलेले. लांबलचक, अभ्यासू लेख, आणि ज्यांना रेडिओ विचारीत नाही अशा गायकांवर. तबकड्यांचा खप घसरला, कंपन्यांच्या जाहिराती आटल्या, आणि २००८ मध्ये त्याचीही छपाई थांबली. २०१५ मध्ये ते पुन्हा कागदावर आले, तेव्हा त्रैमासिक झाले होते, आणि त्यात एकही जाहिरात नव्हती.