परिचर्या शिक्षण, महाविद्यालयीन

आजारी माणसाची, प्रसूत स्त्रीची व नवजात अर्भकाची देखभाल, तसेच निरोगी कुटुंबाचे आरोग्यरक्षण शास्त्रीय पायावर करता यावे, म्हणून विद्यापीठीय पातळीवर दिल्या जाणाऱ्या शिक्षणास ही संज्ञा लावतात. भारतात बी.एस्‌सी. (नर्सिंग) ही चार वर्षांची पदवी हा त्याचा मुख्य प्रकार होय. रुग्णालयांना जोडलेल्या परिचारिका विद्यालयांतील पदविका शिक्षणाहून ते वेगळे आहे; मात्र दोहोंचा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो. रुग्णकक्षात उभी असलेली मुलगी ही विद्यार्थिनी मानावयाची की रुग्णालयाची अल्पखर्चाची कामकरीण, हा तो प्रश्न होय.

चरकसंहितेत चिकित्सेचे जे चार पाद सांगितले आहेत, त्यांत वैद्य, औषध व रुग्ण यांच्या बरोबरीने उपस्थाता म्हणजे परिचारक यास स्थान आहे. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी आपुलकी व शुचिता हे गुण त्याच्या ठायी अपेक्षिलेले आहेत. तथापि आजच्या अर्थाने अभ्यासक्रम म्हणता येईल असे शिक्षण १९व्या शतकातच सुरू झाले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांच्या निधीतून लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० मध्ये १५ उमेदवार विद्यार्थिनींनिशी एक शाळा निघाली. तेथील शिक्षण एक वर्षाचे होते. प्रत्येक मुलीविषयी दरमहा एक तक्ता भरला जाई. त्याच्या एका भागात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा व नीटनेटकेपणा यांची, तर दुसऱ्या भागात जखमा बांधणे, जळवा लावणे, पट्ट्या गुंडाळणे, अंथरूण घालणे अशा कामांची नोंद असे. व्याख्याने होत, पण त्यांचे स्थान दुय्यम होते. भर हातांच्या सवयीवर व शीलावर होता. परिचारिकांची परीक्षा घेऊन त्यांची शासकीय नोंदणी करण्यास स्वतः नाइटिंगेल यांचा विरोध होता, कारण शील परीक्षेत मोजता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. तिच्यात तथ्य होते. पण या शाळेचे अनुकरण करणाऱ्या अनेक रुग्णालयांनी शील ठेवले ते शिस्तीपुरते, आणि शिकाऊ मुलींवर सबंध रुग्णालय चालविण्याची सोय मात्र आनंदाने उचलली.

या पद्धतीतून बाहेर पडण्याचा मार्ग अमेरिकेत विद्यापीठांतून निघाला. १९०७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात ॲडिलेड नटिंग या परिचर्येच्या प्राध्यापिका झाल्या. जगात हे पद प्रथमच निर्माण झाले होते. १९०९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने आपली परिचर्या शाळा काढली. १९२३ च्या गोल्डमार्क अहवालाने रुग्णालयाची गरज व विद्यार्थिनीचे शिक्षण या दोन गोष्टी परस्परविरोधी ठरतात हे उघड केले, आणि त्याच वर्षी येल विद्यापीठात स्वतंत्र परिचर्या विद्यालय स्थापन झाले.

भारतात अडचण आणखी एका प्रकारची होती. परक्या स्त्रीपुरुषांची अंगसेवा करणे, मलमूत्राची भांडी हाताळणे ही कामे उच्चवर्णीय समाजात हलकी मानली जात. त्यामुळे प्रारंभीच्या परिचारिकांत अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती मुलींचा भरणा होता. महाराष्ट्रात ही कोंडी फोडण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांच्या पुणे सेवासदनाकडे (१९०९) जाते. सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने हिंदू स्त्रियांसाठी, विशेषतः विधवांसाठी, परिचर्येच्या व सुईणकामाच्या शिक्षणाची व्यवस्था केली. विधवेला घराबाहेर काढून रुग्णालयात पाठविणे हे त्या काळी अभ्यासक्रम आखण्यापेक्षा पुष्कळच कठीण काम होते.

भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. इंग्लंडमध्ये हेच प्रमाण ३०० लोकांमागे एक असे होते. परिचारिकांच्या राहण्याच्या व कामाच्या दुःस्थितीवरही समितीने बोट ठेवले. त्याच वर्षी दिल्लीचे परिचर्या महाविद्यालय (नंतरचे राजकुमारी अमृतकौर महाविद्यालय) व वेल्लोरचे ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय येथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ मध्ये झाला व देशभरच्या अभ्यासक्रमांचे किमान मान ठरविण्याचे काम तिच्याकडे आले. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये निघाले. दिल्लीस १९५९ मध्ये पदव्युत्तर शिक्षणाचीही सोय झाली.

अभ्यासविषय : पदवी शिक्षणात शारीर, शरीरक्रियाविज्ञान, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पोषणशास्त्र, मानसशास्त्र व समाजशास्त्र हे पायाभूत विषय असतात. त्यांचा आवाका वैद्यकीय विद्यार्थ्याएवढा नसतो आणि तसा असण्याची गरजही नाही. नाडी व श्वसन मोजणाऱ्या व्यक्तीला त्यांतील बदलाचा अर्थ कळला पाहिजे आणि डॉक्टरांना केव्हा बोलवावयाचे हे तिला ठरविता आले पाहिजे, या मर्यादेत ते शिकविणे योग्य होय. प्रत्यक्षात पूर्वी हे विषय बहुधा डॉक्टरच शिकवीत आणि पुष्कळदा आपल्याच टिपणांचा संक्षेप सांगून मोकळे होत. परिचर्येच्या मूलतत्त्वांत अंथरूण बदलणे, स्नान घालणे, निर्जंतुक पद्धतीने मलमपट्टी करणे, औषध देणे व त्याची नोंद ठेवणे यांचा समावेश होतो. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला सकाळच्या व्याख्यानात डोळे उघडे ठेवणे अवघड जाई, ही जुन्या पिढीच्या परिचारिकांची सार्वत्रिक आठवण आहे.

अभ्यासक्रमात खरा पालट घडला तो ‘परिचर्या प्रक्रिया’ या कल्पनेमुळे. अमेरिकेत आयडा जीन ऑर्लँडो यांनी १९६१ मध्ये ती मांडली व पुढे तिचा विस्तार झाला. रुग्णाची पाहणी, त्याच्या गरजेचे निदान, नियोजन, कृती व फलिताची तपासणी असे तिचे टप्पे आहेत. व्हर्जिनिया हेंडरसन यांनी सांगितलेल्या १४ मूलभूत गरजांचाही यात उपयोग केला जातो. अर्धांगवायूच्या रुग्णाचे उदाहरण घेता येईल. त्याच्या आजाराचे निदान डॉक्टरांचे असते. पण त्याला गिळता येते काय, पाठीला शय्याव्रण होऊ नये म्हणून त्याची कूस किती वेळाने बदलावयाची, घरी त्याला कोण भरविणार, हे विद्यार्थिनीने स्वतः शोधून कागदावर मांडावयाचे असते. हुकूम पाळण्याऐवजी निर्णय घेणे येथे अभ्यासाचा विषय बनले.

पुढच्या वर्षांत प्रौढ रुग्ण, बालक व मनोरुग्ण यांची परिचर्या, प्रसूतिविद्या आणि सामाजिक आरोग्य परिचर्या हे विषय येतात. विद्यार्थिनीला ठरावीक संख्येने प्रसूती स्वहस्ते कराव्या लागतात व त्यांची नोंदवही ठेवावी लागते. सामाजिक आरोग्याच्या कामात तिला घरोघरी जावे लागते. रुग्णालयात रुग्ण परिचारिकेच्या जागेत आलेला असतो; येथे ती त्याच्या घरात पाहुणी असते, आणि विहिरीच्या पाण्याविषयी बोलावयाचे तर आधी ओसरीवर बसावे लागते. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या सत्र पद्धतीच्या अभ्यासक्रमात आनुवंशिकी, माहिती-तंत्रज्ञान, न्यायवैद्यक परिचर्या व भारतीय कायदे, संशोधन व सांख्यिकी यांना जागा मिळाली असून आठवे सत्र संपूर्णपणे प्रत्यक्ष सेवेसाठी राखले आहे. या अभ्यासक्रमास मुलगेही प्रवेश घेतात. तथापि विद्यार्थ्यांत संख्या मुलींचीच अधिक असते.

१९९० नंतर खाजगी महाविद्यालयांची संख्या, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत, झपाट्याने वाढली व जुना प्रश्न उलट बाजूने उभा राहिला. पूर्वीच्या मुलीला रुग्ण मुबलक होते, पुस्तकासाठी वेळ नव्हता. आता अनेक ठिकाणी वर्ग व पुस्तके आहेत, परंतु एका खाटेभोवती दहा-बारा जण उभे राहून एकाचे काम पाहतात. कृत्रिम पुतळ्यांवर सराव करण्याच्या प्रयोगशाळांना नव्या अभ्यासक्रमात महत्त्व आले आहे. शीर शोधणे, नळी घालणे किंवा हृदय बंद पडल्यास छाती दाबणे या गोष्टी पुतळ्यावर पुष्कळ अंशी शिकता येतात, आणि पहिली चूक माणसाच्या अंगावर होत नाही हा लाभ लहान नव्हे. वेदनेने ओरडणाऱ्या माणसाला कुशीवर वळविणे मात्र त्यावर शिकता येत नाही.