पगडी, घाम आणि धुणं

पुणेरी पगडी डोक्यावरून का उतरली, याचं ठरलेलं उत्तर राजकारणाचं आहे: टिळकयुग सरलं, गांधीयुग आलं, पगडी गेली नि टोपी आली. हे खोटं नाही, अपुरं आहे. पगडी रोज बांधायची नसे. कापडाचे पीळ एकावर एक बसवून कारागीर ती एकदाच बांधून देई. मालकानं नुसती डोक्यावर चढवायची. सोय होती ती यातच, आणि खोडही यातच. डोक्याचं तेल आणि कपाळाचा घाम आतल्या काठात मुरत राही. धुवायची तर पीळ सोडवावे लागत, आणि सोडवलेली पगडी पुन्हा बसवायला कारागिराचाच हात लागे. म्हणून पगडी धुतली जात नसे, जपली जाई. जपणंही सोपं नव्हतंच. खुंटीला लटकवली की भार एका बाजूला येऊन घाट बिघडतो, बंद डब्यात ठेवली की पावसाळ्यात ओल धरते. फेट्याचं तसं नाही. उलगडला की ते लांबलचक कापडच. धुवा, वाळवा, घडी घालून ठेवा.

पांढऱ्या टोपीमागचा गांधीजींचा विचार त्यांचे सहकारी काका कालेलकर यांनी नोंदवून ठेवला आहे, आणि तो चक्क परटाच्या हिशेबानं चालतो. फेट्याला कापड फार लागतं. पगडी घाम पिते, पण दाखवत नाही, म्हणून क्वचितच धुतली जाते. काश्मिरी टोपी हलकी, घडी होऊन खिशात मावणारी. तिचा घाट घेतला, पण लोकरीऐवजी सुती कापड घेतलं. रंग पांढरा, कारण त्यावर मळ दिसतो आणि दिसला की धुवावाच लागतो. मळ लपवणं हा एरवी कापडाचा गुण मानतात. इथे तोच दोष ठरला.

यावर कोणी म्हणेल, धुण्याचाच प्रश्न होता तर फेटा का मागे पडला? तोही धुता येतोच. खरं आहे, पण तो रोज नव्यानं बांधावा लागतो आणि कापडही बरंच खातो. शिवाय पुढे टोपीही गेली, डोकं उघडं ठेवणंच रूढ झालं, आणि त्याचा खुलासा धुण्यातून होत नाही. पगडी ही जातीची आणि प्रतिष्ठेची खूण होती, तिचं जाणं सामाजिकच, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण खूण टाकायची इच्छा एक आणि तिच्या जागी कोणालाही परवडेल, घरच्या घरी धुता येईल अशी वस्तू हाताशी असणं दुसरं. त्या वस्तूशिवाय ती इच्छा लाखो डोक्यांपर्यंत पोचली नसती.

पुणेरी पगडीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता ती सत्कारापुरती तासभर डोक्यावर असते, त्यामुळे घामाचा प्रश्नच उरलेला नाही. लग्नातला फेटा मात्र उलट दिशेनं निघाला आहे. साच्यावर शिवून, चिकटवून विकला जाणारा तयार फेटा उलगडत नाही, म्हणून धुताही येत नाही.