ताक, आतड्यातील जिवाणू आणि यकृतरोग : एका कल्पनेचा इतिहास

कावीळ झालेल्या माणसास ताकभात देण्याची रीत सावनेरच काय, सर्व महाराष्ट्रात परिचित आहे. 'प्रोबायोटिक्स' हा शब्द रूढ झाल्यापासून ही रीत त्या शास्त्राचीच पूर्वसूचना होय, असे प्रतिपादन वारंवार केले जाते. प्रस्तुत लेखात या प्रतिपादनाची ऐतिहासिक तपासणी केली आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उदररोगाच्या प्रकरणी दोषानुसार निरनिराळी द्रव्ये मिसळून ताक देण्यास सांगितले असून यकृतवृद्धीचा अंतर्भाव तेथे प्लीहोदरातच केला आहे. मात्र यामागील तर्क अग्नी व दोष यांचा आहे, जिवाणूंचा नव्हे. परंपरेचे म्हणणे तिच्याच परिभाषेत वाचणे हाच तिचा खरा आदर, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

जिवाणूंचा विचार वेगळ्याच वाटेने आला. 1877 मध्ये रशियात निकोलाय एक्क यांनी कुत्र्याच्या आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणारी शीर यकृत टाळून थेट महाशिरेस जोडली. 1893 मध्ये नेन्की, पावलॉव्ह (लाळेच्या प्रयोगांमुळे पाठ्यपुस्तकांत प्रसिद्ध असलेले तेच) व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कुत्रे मांस खाल्ल्यावर भ्रमिष्ट व बेशुद्ध होतात, हे नोंदविले. आतड्यात प्रथिनांपासून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे निरोगी यकृत युरियात रूपांतर करते. रोगट यकृतास ते पुरेसे साधत नाही व मेंदूवर परिणाम होतो, ही आजची समजूत याच प्रयोगांपासून आकारास आली.

आंबविलेल्या दुधाचा पुरस्कार विसाव्या शतकाच्या आरंभी मेचनिकॉफ यांनी केला. (मुंबईत 1897 मध्ये प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी.) परंतु त्यांचा रोख वार्धक्यावर होता. हे दोन प्रवाह एकत्र आले ते 1960 नंतर. 1966 मध्ये बिर्शर व सहकाऱ्यांनी यकृतजन्य मस्तिष्कविकारात लॅक्ट्युलोज वापरले, तेव्हा लॅक्टोबॅसिलस जिवाणू वाढतील अशी अपेक्षा होती. पुढे आतड्यातील आम्लता वाढून अमोनियाचे शोषण घटते, हे कार्य अधिक महत्त्वाचे ठरले. औषध टिकले, कारणमीमांसा बदलली.

2017 च्या कॉक्रेन समीक्षेत 21 चाचण्यांचा विचार झाला. या विकारातून बरे होण्यास प्रोबायोटिक्सची मदत होत असावी, मृत्यूच्या प्रमाणात मात्र फारसा फरक दिसत नाही आणि लॅक्ट्युलोजपेक्षा ते सरस आहेत काय, हे अनिश्चित आहे, असा तिचा निष्कर्ष. शिवाय चाचण्यांत जिवाणूंचे ठरावीक वाण मोजून दिले जातात. घरच्या ताकातील जिवाणू विरजणागणिक बदलतात.