न वापरणाऱ्याचे देणे

शनिवार पेठेत एक मत इतके रुजले आहे की त्याला पुरावा मागण्याची गरजही कुणाला वाटत नाही. ते मत असे: मेन्टेनन्स हा वापराचा मोबदला आहे. जो लिफ्ट वापरतो त्याने लिफ्टचे द्यावे, जो राहतो त्याने राखणदाराचे द्यावे, बाकीच्यांकडे मागणे ही जबरदस्ती. तळमजल्यावरचा दुकानदार हे म्हणतो. घराला कुलूप लावून मुलाकडे गेलेले काका तिकडून फोनवर हेच म्हणतात. वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत मालकी हक्काचे घर मिळालेला जुना भाडेकरूही हेच म्हणतो, फक्त त्याचे कारण वेगळे असते.

पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो अगदीच पोकळ नाही. आपण विजेचे बिल मीटरप्रमाणे भरतो. शेजाऱ्याच्या पंख्याचे पैसे कुणी देत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही पाण्याचा आकार प्रत्येक घरातल्या नळांची संख्या आणि आकार पाहून वाटायला सांगितला आहे, आणि पार्किंगचे शुल्क ज्याला जागा मिळाली त्याच्याचकडून घेतले जाते. म्हणजे वापर आणि देणे यांचा संबंध कायद्यालाही ठाऊक आहे. मग लिफ्टला वेगळा न्याय का? पहिल्या मजल्यावरच्या माणसाने सातव्या मजल्यावरच्या माणसाच्या गुडघ्यांचा खर्च का उचलावा? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र त्या मताच्या बाजूने जात नाही.

कारण कायद्याने वापराचा विचार केला नाही असे नाही. त्याने तो केला आणि नाकारला. ज्या उपविधींत पाणी नळांवर मोजले आहे, त्याच उपविधींत लिफ्टबद्दल लिहिले आहे की तिच्या देखभालीचा व चालवण्याचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांनी सारखा वाटून घ्यावा, मग ते लिफ्ट वापरोत किंवा न वापरोत. ‘न वापरोत’ हे शब्द तिथे आहेत. यापुढे ‘पण मी वापरतच नाही’ हा बचाव कसा उरतो, ते वाचकांनीच ठरवावे.

शनिवार पेठेतल्या पुष्कळ छोट्या इमारती सोसायट्या नाहीतच, त्या ‘अपार्टमेंट’ आहेत. याला कारण आहे. १९६०च्या सहकार कायद्यात संस्था स्थापायला दहा माणसे लागत; १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्टला पाच घरे पुरत. जेमतेम दोन-अडीच गुंठ्यांच्या वाड्यावर उभ्या राहिलेल्या सहा-आठ घरांना दुसरी वाटच सोयीची होती. आणि हा १९७०चा कायदा तर आणखी कडक आहे. त्यात स्वतंत्र तरतूदच आहे: सामाईक सोयींचा वापर सोडला, किंवा घरच सोडून दिले, तरी सामाईक खर्चातल्या वाट्यातून कुणाची सुटका नाही. कुलूपबंद घराची शक्यता कायदा करणाऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच ओळखली होती.

कायदा बाजूला ठेवू. नुसत्या तर्कावर हे मत टिकते का?

वापरेल त्याने भरावे, हे तत्त्व मान्य करून दुकानदाराला ते सगळीकडे लावायला सांगा. पावसाळ्यात ड्रेनेजचे चेंबर तुंबले की घाण कुणाच्या उंबऱ्यावर येते? तळमजल्याच्या. तिसऱ्या मजल्याला त्याचा वासही येत नाही. मग चेंबर साफ करण्याचा खर्च एकट्या दुकानदाराने द्यावा का? त्याच न्यायाने गच्चीची गळती हा फक्त वरच्या मजल्याचा प्रश्न ठरेल. वरच्याने पैसे दिले नाहीत तर स्लॅबमधली सळई गंजेल, आणि तो स्लॅब ज्या कॉलमवर उभा आहे तो तळमजल्याच्या दुकानातून जातो. हे मत ज्याच्या फायद्याचे वाटते, त्यालाच ते आधी बुडवते.

कुलूपबंद घराचे गणितही तितकेच फसवे आहे. लिफ्टचा वार्षिक देखभाल करार, इमारतीचा विमा, जिन्यातल्या दिव्याच्या मीटरचा स्थिर आकार, सफाईवाल्या मावशींचा पगार: यांतले काहीही एक घर बंद झाले म्हणून कमी होत नाही. आठ घरांच्या इमारतीत महिन्याचा खर्च १६ हजार धरा. प्रत्येकी दोन हजार. तीन घरांनी ‘आम्ही राहत नाही’ म्हटले की उरलेल्या पाचांवर प्रत्येकी ३,२०० येतात. खर्च तोच राहिला. तो फक्त हजर असलेल्यांच्या, म्हणजे बहुधा निवृत्त जोडप्यांच्या, खिशात सरकला. आणि बंद घराची किंमत? ती मात्र या पाच जणांनी राखलेल्या इमारतीत वाढतच राहते.

इथे कुणी बिनभोगवटा शुल्काकडे बोट दाखवेल. १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशाने ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपुढे नेता येत नाही. म्हणजे राहण्या-न राहण्याने फरक पडतो, हे कायद्यानेच मानले ना? मानले, पण उलट दिशेने. ते शुल्क घर भाड्याने देणाऱ्यावर आहे, नेहमीच्या मेन्टेनन्सच्या वर आहे. बंद घरावर ते लागत नाही, एवढीच सवलत. ती काकांना आधीच मिळालेली आहे.

आता तिसरा पक्ष, आणि मला सर्वांत जास्त सहानुभूती याच्याबद्दल आहे. पेठेतला भाडेकरू पिढ्यान्पिढ्या एक गोष्ट शिकला: भाडे दिले की आपले देणे संपले, डागडुजी मालकाची. आणि हे खरेच होते. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा दुरुस्तीची जबाबदारी मालकावरच टाकतो, आणि पाणी, जिन्यातला दिवा, सफाई यांसारख्या सोयी तोडायला त्याला बंदी करतो. मालक दुरुस्ती करत नसेल तर नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि भाड्यातून वळती करावी, अशीही सोय आहे. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. महिना पन्नास रुपये भाडे असेल तर वर्षाचे सहाशे, चौथा हिस्सा दीडशे. त्यात सिमेंटची एक गोणीही येत नाही. या कायद्याच्या आधीपासूनची गोठलेल्या भाड्याची व्यवस्था काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितले ते उगीच नव्हे. शनिवारवाड्याच्या भिंतीपासून शंभर मीटरच्या आतल्या वाड्यांना तर २०१०च्या स्मारक कायद्यातल्या दुरुस्तीनंतर नवे बांधकामही मिळत नाही; तिथे मालक आणि भाडेकरू दोघेही त्याच दीडशे रुपयांत अडकले आहेत.

पण ज्याचा वाडा पाडून इमारत झाली, तो आता भाडेकरू नाही. ‘आम्ही जुने भाडेकरू, आम्हाला मेन्टेनन्स नाही, बिल्डरशी तसे ठरले आहे’, हे वाक्य पेठेतल्या बैठकांत अजून ऐकू येते. बिल्डरशी ठरले असेल तर ते बिल्डरला विचारावे. १९७०च्या कायद्यात ‘माजी भाडेकरू’ असा घरमालकांचा वर्ग नाही. अपार्टमेंट डीडवर सही केली, इमारतीच्या सामाईक भागात हिस्सा घेतला, की वाड्याच्या काळात मालकावर असलेले देणेही त्या हिश्श्याएवढे आपल्याकडे आले. हक्क मालकाचे हवेत आणि देणे भाडेकरूचे, हे कोणत्या न्यायात बसते?

न्यायाची बाब म्हणून दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. वसुली करणारे चेअरमन-सेक्रेटरी ‘सगळ्यांना सारखे’ म्हणतात तेव्हा तेही पुष्कळदा चूक असतात. सोसायटीत सेवा शुल्क सारखे असते हे खरे. मुंबई उच्च न्यायालयाने व्हीनस सोसायटीच्या खटल्यात मोठ्या घरांवर क्षेत्रफळाप्रमाणे जास्त आकारणी अमान्य केली, आणि ते योग्यच होते; राखणदार मोठ्या घराची जास्त राखण करत नाही. पण तो निकाल सोसायटीचा आहे. अपार्टमेंटला १९७०च्या कायद्याचे कलम १० लागते, आणि ते सांगते की सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटावा. २०२५ साली पुण्यातल्याच एका संकुलाच्या वादात उच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. तेव्हा दोन खोल्यांच्या घराकडून आणि शेजारच्या चार खोल्यांच्या घराकडून एकच रक्कम घेणारी अपार्टमेंटची समिती सोसायटीचा नियम उसना घेऊन चालली आहे.

दुसरी चूक अधिक महाग पडते. लोकांना खूश ठेवायला महिना आठशे-हजार घ्यायचे आणि दुरुस्ती निधी ठेवायचाच नाही. सोसायटीच्या उपविधींत घराच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरसाल दुरुस्तीसाठी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी सांगितले आहेत. बांधकाम खर्च दहा लाख धरला तर वर्षाला दहा हजार, महिन्याला सव्वाआठशे, आणि यात सफाईचा किंवा दिव्याचा एक पैसा नाही. छोट्या अपार्टमेंटने हाच दंडक ठेवला तर बिघडले काय? तो ठेवत नाहीत, आणि लिफ्ट बदलायची वेळ आली की प्रत्येकाला लाखाची चिठ्ठी जाते. मग ‘वापरेल त्याने भरावे’ हे मत पुन्हा जोर धरते. त्या मताला खतपाणी समित्याच घालतात.

उरतो विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा: हिशेब देत नाहीत, म्हणून भरत नाही. तक्रार खरी असू शकते. उपाय मात्र चुकीचा आहे. सोसायटीच्या सभासदाला दप्तर पाहण्याचा आणि नकला मागण्याचा हक्क आहे. अपार्टमेंटमध्येही जमाखर्चाच्या वह्या मालकांना पाहण्यासाठी खुल्या ठेवाव्या लागतात. उलट थकवणाऱ्याची बाजू दर महिन्याला कमकुवत होते. सोसायटीत थकबाकीवर व्याज चढू शकते आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. अपार्टमेंटमध्ये थकलेल्या सामाईक खर्चाचा बोजा घरावरच चढतो, आणि घर विकायला काढले की खरेदीदाराचा वकील तोच पहिला विचारतो.

म्हणून ज्याला समितीशी भांडायचे आहे त्याने जरूर भांडावे, पण हातात कागद घेऊन: नोंदणीकृत डिक्लरेशनची प्रत, त्यातला आपल्या घराच्या टक्केवारीचा तक्ता, गेल्या वर्षाचा तपासलेला जमाखर्च आणि लिफ्टचा चालू करार. आकारणी टक्केवारीशी जुळत नसेल तर लेखी हरकत द्यावी, आणि निर्णय लागेपर्यंत रक्कम ‘हरकत राखून’ असे पावतीवर लिहून घेऊन भरावी.