दाखल्यावर कोणाची सही?

भिलाईचे सिविक सेंटर हा पोलाद कारखान्याच्या वसाहतीचा नागरी मध्य. १९५९ साली कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. भोवतालच्या खेड्यांत तेव्हा ताप, सर्पदंश किंवा निखळलेला सांधा यांसाठी बैगा-गुनियाचे दार ठोठावले जाई. कारखान्याच्या फाटकाशी मात्र प्रश्न बदलला. उपचार कोणी केला यापेक्षा दाखल्यावर सही कोणाची, याला मोल आले.

हा प्रश्न भिलाईहून जुना आहे. मुंबई प्रांताने १९३८ साली वैद्यक व्यवसायी अधिनियम करून वैद्य-हकिमांची नोंदवही उघडली. पदवी नसलेल्या, पण आधीपासून व्यवसाय करणाऱ्यांसाठी वेगळी यादी ठेवली. मध्य प्रांत व वऱ्हाडानेही १९४७ च्या कायद्याने तीच वाट धरली. नागपूर आणि दुर्ग तेव्हा एकाच प्रांतात होते.

पण १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ही नोंदवही फाटकाबाहेरच ठेवली. किशोर कामगारांची आणि धोक्याच्या कामावरील माणसांची तपासणी करून दाखला देणारा सरकारनियुक्त डॉक्टर कोण असावा, हे कलम १० मध्ये सांगितले होते. त्याची अर्हता १९१६ च्या वैद्यकीय पदव्या अधिनियमानुसार किंवा १९३३ च्या वैद्यक परिषद अधिनियमानुसार हवी होती. म्हणजे पाश्चात्त्य वैद्यकाची. यामागे निव्वळ तुच्छता होती असे मला वाटत नाही. शिसे, वायू आणि धूळ यांची बाधा ओळखणे हे वेगळेच शिक्षण मागणारे काम आहे.

भारतीय वैद्यकाच्या सहीला देशभर बळ आले ते १९७० च्या केंद्रीय परिषद अधिनियमाने. त्याच्या कलम १७ ने मान्य अर्हता असलेल्या, नोंदणीकृत वैद्यास आजारपणाचा व तंदुरुस्तीचा दाखला देण्याचा अधिकार दिला. ज्या राज्यात नोंदवहीच नव्हती, तेथे किमान पाच वर्षे व्यवसाय करणाऱ्यांचा व्यवसायाचा हक्क राखला, सहीचा नव्हे. परंपरेला मान्यता मिळाली, पण ती महाविद्यालयाच्या दारातून आत आलेल्या परंपरेला. हाडवैद्य, वैदू, बैगा आणि गुनिया या दाराबाहेर उरले. पुढे हा कायदा जाऊन २०२० चा राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला, तरी सहीचा पाया नोंदणीच राहिला.

दक्षिण आफ्रिकेने २००७ साली पारंपरिक उपचारकांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षी तेथील एका हॉटेलातील स्वयंपाकिणीने उपचारक होण्याच्या दीक्षेसाठी महिनाभराची बिनपगारी रजा मागितली, उपचारकाचे पत्रही जोडले. मालकाने आठवडाच देऊ केला. ती गेली, नोकरीही गेली. २०१३ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने ते पत्र डॉक्टरच्या दाखल्याच्या पंक्तीला बसवले नाही. मात्र तिच्या गैरहजेरीला रास्त कारण होते असे मानून तिला कामावर परत घेण्याचा निर्णय कायम ठेवला. न्यायालयाने सहीपलीकडे पाहिले, ही या निकालातील मोलाची गोष्ट.

आपल्याकडे हाडवैद्याकडून सांधा बसवून घेतलेल्या कामगाराला रजेच्या अर्जासाठी आजही दुसऱ्या कोणाची तरी सही शोधावी लागते.